बहिणाई : एका कष्टकरी मातेचें स्मरण

(स्मृतिदिनानिमित्त गांवच्या शाळेंत एका शिक्षकानें केलेलें भाषण)



आज ३ डिसेंबर. १९५१ सालीं याच तारखेस जळगांव येथें बहिणाबाई चौधरी या शेतकरी मातेनें देह ठेवला. राजेराजवाड्यांच्या व पुढाऱ्यांच्या पुण्यतिथ्या आपण पाळतोंच. परंतु जिनें जन्मभर निंदणी-खुरपणी केली, दळण-कांडण केलें, लेंकरें वाढविलीं, अशा बाईची पुण्यतिथि आपल्या शाळेंत आज प्रथमच होत आहे. काव्यावर बोलण्याचा अधिकार माझा नाहीं. मी शेतकऱ्याचा मुलगा व खेड्यांतला मास्तर. तेवढ्याच नात्यानें चार शब्द सांगतों. आईला आपण एकेरीनेंच हांक मारतों, म्हणून मीही या माउलीला तशीच हांक मारणार आहें.

बहिणाईचा जन्म १८८० सालीं नागपंचमीच्या दिवशीं आसोदें गांवीं झाला. हें गांव जळगांवापासून सुमारें दोन कोसांवर आहे. बापाचें नांव उखाजी महाजन, आईचें भिमाई. घर लेवा शेतकऱ्याचें, भाऊबहिणींनीं भरलेलें. तेराव्या वर्षीं तिचें लग्न झालें आणि जळगांवच्या नथूजी चौधरी यांच्या घरीं ती सून म्हणून आली. शेतकऱ्याच्या घरची सून म्हणजे काय, हें समोर बसलेल्या मायबहिणींना मीं सांगावयास नको. ओंकार, काशी आणि सोपान अशीं तीन अपत्यें झालीं. तिशीच्या सुमारास कपाळाचें कुंकूं गेलें. सोपानाचा जन्म १९०७ चा, म्हणजे बापाचें छत्र हरपलें तेव्हां तो अगदीं लहान. ओंकाराला प्लेगच्या दुखण्यानें कायमचें अपंगत्व आलें. तरी ती खचली नाहीं. शेत सोडलें नाहीं, चूल विझूं दिली नाहीं.

तुमच्यापैकीं पुष्कळांना वाटेल कीं, मास्तर, ही तर आमच्याच घरची हकीकत! आमची आजी अशीच होती, आमच्या आईनेंही हेंच भोगलें. अगदीं खरें आहे, आणि म्हणूनच मी ही हकीकत तुमच्यापुढें मांडली. बहिणाई कोणी आभाळांतून उतरलेली बाई नव्हती.

हातानें काम करतां करतां ती गाणें जुळवी, हा तिचा विशेष. जातें फिरे तसे शब्द फिरत. चूल, पेरणी, पोळा, आखाजीला माहेरीं निघालेली लेंक, झाडाला टांगलेला सुगरणीचा खोपा, माणसाचें सैरभैर मन, या साऱ्यांवर तिनें गाणीं केलीं. वैधव्यानंतर दारीं येणाऱ्या जोश्याला तिनें गाण्यांतूनच परत पाठविलें. आपल्या नशिबाचा हिशेब तिनें दुसऱ्याच्या पोथीवर सोंपविला नाहीं. पोथीवाचून अडलेले आपण आणि अक्षर न ओळखणारी ती; शहाणें कोण, याचा निवाडा ज्याचा त्यानें करावा.

आतां एक गोष्ट थोडी कडक बोलतों, राग नसावा. पुष्कळ सुशिक्षित लोक म्हणतात कीं, बहिणाई शाळा शिकली नाहीं हेंच बरें झालें. शिकली असती तर असें अस्सल गाणें निघालें नसतें. मला हें बोलणें मान्य नाहीं. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढली ती १८४८ सालीं, म्हणजे बहिणाईच्या जन्मापूर्वीं बत्तीस वर्षें. परंतु त्या शाळेची वाट आसोद्याच्या शेतकऱ्याच्या मुलीपर्यंत पोहोंचली नाहीं. तिची बुद्धि मोठी होती म्हणून ती अक्षरावांचून गायली. अक्षर नव्हतें म्हणून बुद्धि मोठी झाली असें नव्हे. उपाशी माणूस दोन कोस चालला, तर उपासानें पायांत बळ येतें असें कोणी म्हणेल काय?

अक्षर नव्हतें त्याचें नुकसान केवढें, तेंही पाहा. रचलेलें गाणें ती स्वतः कागदावर उतरवूं शकत नव्हती. मुलगा सोपानदेव आणि त्यांचा एक मावसभाऊ यांनीं जीं लिहून घेतलीं, तेवढीं उरलीं. बाकीचीं वाऱ्याबरोबर गेलीं. जळगांवचा छापखाना हाही तिच्या एका गाण्याचा विषय झाला, पण तिचे स्वतःचे शब्द छापून निघालेले पाहणें तिच्या नशिबीं नव्हतें. सोपानदेव पुढें स्वतः नांवाजलेले कवि झाले. आईच्या पश्चात त्यांनीं ती वही भीतभीतच आचार्य अत्रे यांना दाखविली. अत्र्यांनीं तें सोनें तत्काळ पारखलें आणि १९५२ सालीं ‘बहिणाबाईंचीं गाणीं’ हें पुस्तक त्यांच्या प्रस्तावनेसह निघालें. पुढें २०१८ सालीं जळगांवच्या विद्यापीठाला तिचें नांव देण्यांत आलें. ही केवढी थोर गोष्ट! पण मुलांनो, हें सारें एका वहीमुळें झालें. ती वही नसती, तर आज विद्यापीठावर तें नांव नसतें आणि आपणही येथें जमलों नसतों.

त्या वहीविषयीं मास्तर या नात्यानें आणखी एक सांगतों. सोपानदेव शिकलेले होते, त्यांना पुस्तकी मराठी उत्तम येत होती. मनांत आणलें असतें तर आईची भाषा ‘सुधारून’ त्यांना लिहितां आली असती. ती सुधारणा त्यांनीं केली नाहीं. आई जसें बोलली तसेंच, तिच्या खानदेशी लेवा बोलींत, तें पुस्तकांत आलें. घरीं आजी ‘पानी’ म्हणते, शाळेंत आम्ही ‘पाणी’ शिकवितों. शाळेचें शिकणें अवश्य शिका, त्यावांचून तुमचें कोर्टकचेरींत व बाजारांत चालणार नाहीं. परंतु आजीच्या ‘पानी’ला हंसूं नका. त्या शब्दावर तुमच्या बापाचें पोषण झालें आहे.

दुसरेंही एक उदाहरण ऐका. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनीं १९८० नंतरच्या काळांत आपल्या महाराष्ट्रांतील खेडोपाडीं जाऊन बायकांच्या जात्यावरील ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली! म्हणजे बहिणाई एकटी नव्हती. घरोघर कोणी ना कोणी गात होती. गांवांत पिठाची गिरणी आली, हातांचे कष्ट वांचले, तें चांगलेंच झालें. पण जातें थांबलें तशी ओवीही थांबली. आतां ज्या म्हाताऱ्यांच्या ओठीं ती शिल्लक आहे, त्या आणखी किती दिवसांच्या सोबती?

म्हणून माझी विनंति अशी. फोटोला हार घालून आईचें स्मरण होत नाहीं. आज घरीं गेल्यावर आजीजवळ बसा. मात्र नुसतें ‘आजी, गाणें सांग’ म्हणूं नका. तिच्या डोक्यावर घागर असेल तर आधीं ती उतरवून घ्या, निवडायचें सूप असेल तर तें आपल्या मांडीवर घ्या. तिचे हात मोकळे झाले म्हणजे तोंड आपोआप मोकळें होईल. मग ती जें सांगेल तें, तिच्याच शब्दांत, वहीवर उतरवा. ओवी, म्हण, उखाणा, बीं राखण्याची रीत, तान्ह्या मुलाच्या दुखण्यावरचा काढा, दुष्काळांत काय खाल्लें त्याची हकीकत, सर्व लिहा. वर तिचें पूर्ण नांव घाला. सातबाऱ्यावर तें नाहीं तर नाहीं, निदान नातवाच्या वहींत तरी असूं द्या.

आणि बापांनो, तुम्हांला एकच सांगणें. बहिणाई तेराव्या वर्षीं सासरीं गेली, कारण तिच्या काळीं तोच रिवाज होता. आज कायद्यानें अठरा वर्षें पुरीं झाल्यावांचून मुलीचें लग्न करतां येत नाहीं, तरी कोठें कोठें चोरून होतेंच. आईच्या नांवानें डोळे पुसावयाचे आणि लेंक सातवींतून काढून बोहल्यावर उभी करावयाची, हें मातृप्रेम नव्हे.

बहिणाईच्या घरच्या पुढच्या पिढ्यांनीं जळगांवच्या चौधरी वाड्यांत तिच्या संसारांतील व शेतींतील वस्तु जपून ठेवल्या आहेत. सवड काढून मुलांना तेथें घेऊन जा. तेथून परत आलां म्हणजे आपल्या घरच्या माळ्यावरचें जातेंही एकदां खालीं काढा, पुसा, आणि त्यावर कोण काय गात असे, तें विचारा.