सोव्हिएट रणसंग्राम आणि दोस्तांची कुमक

१९४३ सालच्या मार्च महिन्याच्या ८ तारखेस मॉस्को येथील अमेरिकन राजदूत ॲडमिरल स्टॅन्डले यांनीं आपल्या देशाच्या वार्ताहरांना बोलावून एक तक्रार केली. अमेरिकेहून रशियाला एवढी सामग्री येत आहे, परंतु सोव्हिएट वृत्तपत्रांत तिचा नामनिर्देशहि नाहीं. आपण एकाकीच लढत आहोंत, अशी येथील जनतेची समजूत करून देण्यांत येत आहे, असा त्या तक्रारीचा मथितार्थ होता. राजदूताच्या तोंडीं न शोभणारी ही भाषा ऐकून वॉशिंग्टनमध्येंहि खळबळ उडाली. कांहीं दिवसांतच सोव्हिएट पत्रांतून मदतीचे आंकडे छापून येऊं लागले आणि त्याच वर्षीं स्टॅन्डले यांनीं मॉस्को सोडलें.

परंतु ही तक्रार ज्या शहरांत झाली, त्या शहराची त्या वेळची मनःस्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. अवघ्या पांच आठवड्यांपूर्वीं, २ फेब्रुवारीस, स्टालिनग्राड येथें जर्मनांच्या सहाव्या सैन्यांतील शेवटच्या तुकड्यांनीं शस्त्रें खालीं ठेविलीं होतीं. लेनिनग्राडचा वेढा जानेवारींत नुकता कोठें सैल झाला होता. त्या नगरींत लाखों माणसें अन्नावांचून मेलीं होतीं. पश्चिम युरोपांत १९४२ सालींच दुसरी आघाडी उघडणें निकडीचें आहे, असें दोस्तांच्या जाहीर पत्रकांत म्हटलें होतें. ती प्रत्यक्षांत उघडली ६ जून १९४४ रोजीं. मधल्या काळांत अमेरिकेहून येणाऱ्या डबाबंद मांसाला रशियन शिपाई 'दुसरी आघाडी' म्हणूं लागले, आणि डबा फोडला कीं दुसरी आघाडी उघडली, अशी थट्टा चाले. पोट भरल्याचें समाधान आणि वाट पाहून आलेला कडवटपणा एकाच घांसांत कसे मिसळतात, तें या थट्टेंत दिसतें.

युद्ध संपल्यावर हा वाद आंकड्यांचा झाला. सोव्हिएट नियोजन मंडळाचे प्रमुख निकोलाय व्होझ्नेसेन्स्की यांनीं युद्धकालीन अर्थव्यवस्थेवरील आपल्या ग्रंथांत असें मांडलें कीं, दोस्तांकडून आलेला माल देशांतील उत्पादनाच्या शेंकडा ४ इतकाच होता. हा आंकडा पुढें कित्येक वर्षें सोव्हिएट लेखनांत प्रमाण मानला गेला. आंकडा टिकला, तो मांडणारा मात्र टिकला नाहीं. १९४९ सालीं व्होझ्नेसेन्स्की पदच्युत झाले, मग पकडले गेले आणि १९५० सालीं त्यांना गोळी घालण्यांत आली. त्यांच्या अपराधाचा या आंकड्याशीं संबंध नव्हता. पक्षांतर्गत सत्तास्पर्धेचे ते बळी होते.

शेंकडा ४ हें प्रमाण खरें मानलें तरी त्यावरून काय सिद्ध होतें? गृहस्थाच्या घरीं वर्षाकांठीं लागणाऱ्या धान्याचा हिशेब केला तर त्यांत मीठ शेंकडा दोनहि भरणार नाहीं. म्हणून मिठावांचून स्वयंपाक होतो असें कोणती गृहिणी म्हणेल? आणि उलट, मीठ आपण पुरविलें म्हणून सबंध जेवणाचें यजमानपण आपलें, असें म्हणणाऱ्या शेजाऱ्यालाहि कोणी मान्य करणार नाहीं. आलेली कुमक किती होती, यापेक्षां ती केव्हां आली आणि कोणत्या उणिवेवर पडली, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत.

प्रथम काळ पाहूं. २२ जून १९४१ रोजीं हिटलरचीं सैन्यें सोव्हिएट हद्दींत घुसलीं. त्याच रात्रीं चर्चिल यांनीं नभोवाणीवरून रशियास साहाय्य देण्याचें अभिवचन दिलें. उसनवारी आणि भाडेपट्टा यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेला अमेरिकेचा 'लेंड-लीज' कायदा त्या वर्षाच्या मार्चमध्येंच झाला होता. नोव्हेंबरांत त्याचा लाभ रशियासहि देण्यांत आला. परंतु अभिवचन आणि माल यांच्यामध्यें समुद्र होते. त्या भयंकर उन्हाळ्यांत आणि शरदांत रशियानें स्वतःला वांचविलें तें मुख्यतः स्वतःच्या बळावर. अवघ्या पांच महिन्यांत दीड हजारांवर कारखाने उखडून आगगाड्यांवर लादण्यांत आले व पूर्वेकडे नेण्यांत आले. खारकोव्हचा रणगाड्यांचा कारखाना उरल पर्वताच्या पायथ्याशीं निझनी तागील येथें गेला. लेनिनग्राडच्या किरोव्ह कारखान्याचा मोठा भाग चेल्याबिन्स्क येथें. कित्येक ठिकाणीं छप्पर चढण्यापूर्वींच यंत्रें चालूं झालीं. या पराक्रमाचें श्रेय वांटून घेण्याचा अधिकार कोणालाहि नाहीं.

तथापि या काळांतहि एक अपवाद आहे. १९४१ अखेरपर्यंत ब्रिटनहून साडेचारशेंहून अधिक रणगाडे रशियांत पोंचले होते. रशियाचे स्वतःचे हजारों रणगाडे पहिल्या धडाक्यांत नष्ट झाले होते आणि नव्या जागीं गेलेल्या कारखान्यांची घडी बसावयाची होती. त्यामुळें डिसेंबरांत मॉस्कोपुढें उभ्या असलेल्या मध्यम व जड रणगाड्यांपैकीं बराच मोठा हिस्सा ब्रिटिश होता, असा अलीकडच्या कांहीं इतिहासकारांचा निष्कर्ष आहे. हे रणगाडे रशियन टी-३४ च्या तोडीचे नव्हते. पण त्या आठवड्यांत प्रश्न उत्तमाचा नव्हता, असण्या-नसण्याचा होता.

मदतीचा खरा ओघ १९४३ पासून वाढला, आणि त्याचें स्वरूपहि बोलकें आहे. रणगाडे आणि विमानें आलीं. परंतु युद्धाची गति बदलली ती मालमोटारींनीं. चार लाखांच्या आसपास ट्रक व जीप अमेरिकेनें पाठविल्या. शत्रूची फळी फोडणें हें रशियन रणगाड्याचें काम. त्या फटींतून शेंकडों मैल पुढें जातांना मागून पायदळ, दारूगोळा आणि पेट्रोल पोंचविणें हें ट्रकाचें. १९४४ च्या उन्हाळ्यांत बेलोरशियांत लाल सैन्यानें जी मुसंडी मारली, ती या चाकांवांचून एवढी दूर गेली असती काय? 'कात्यूशा' हें प्रख्यात अग्निबाणांचें यंत्र रशियन बुद्धीची निर्मिति. पण तें अनेकदां बसविलेलें असे अमेरिकन स्टुडबेकर गाडीवर. या वादाचें याहून बोलकें चित्र सांपडणें कठीण.

अमेरिकेनें सुमारें एकोणीसशें रेल्वे एंजिनें दिलीं. रशियांतील एंजिनांचे कारखाने युद्धकाळांत रणगाडे घडवीत होते. ते तसे घडवीत राहूं शकले, कारण एंजिनें बाहेरून येत होतीं. शेंकडेवारींत न दिसणारी गोष्ट हीच. ॲल्युमिनियम, तांबें, टेलिफोनची तार, विमानांचें उच्च प्रतीचें पेट्रोल, सुमारें दीड कोटि बुटांचे जोड, आणि युक्रेनची काळी जमीन शत्रूच्या हातीं गेल्यामुळें उपाशी राहिलेल्या सैन्यासाठीं चाळीस लाख टनांवर अन्नसामग्री हा सर्व माल अशाच उणिवा भरून काढणारा होता.

आणि तो पोंचविण्यासहि रक्त सांडलें. उत्तरेच्या हिमसमुद्रांतून आर्खान्गेल्स्ककडे निघालेल्या पी. क्यू. १७ या तांड्यांतील ३५ व्यापारी जहाजांपैकीं २४ जहाजें जुलै १९४२ मध्यें जर्मन पाणबुड्यांनीं व विमानांनीं बुडविलीं. निम्मा अमेरिकन माल मात्र प्रशांत महासागरांतून, सोव्हिएट निशाण लावून, जपानच्या डोळ्यांदेखत गेला. कारण रशिया व जपान यांच्यांत तटस्थतेचा करार होता.

तिसरी वाट इराणची, आणि तिच्याशीं हिंदुस्थानचा निकट संबंध आला. २५ ऑगस्ट १९४१ रोजीं ब्रिटिश व सोव्हिएट सैन्यें इराणांत शिरलीं, त्या वेळीं ब्रिटिशांच्या बाजूनें गेलेल्या फौजेंत हिंदी पलटणींचा मोठा भरणा होता. पुढें या मार्गावरून रसद वाहण्यांतहि हिंदी शिपाई राबले. हिंदी लष्कराच्या रसद खात्यांतील सुभेदार नारायणराव निकम आणि हवालदार गजेंद्रसिंह यांना १९४४ सालीं सोव्हिएट सरकारनें 'रेड स्टार' हें पदक दिलें.

मुंबईंत त्याच काळांत वेगळाच झगडा चालला होता. जून १९४१ पर्यंत ज्या युद्धाला कम्युनिस्ट साम्राज्यशाहीचें युद्ध म्हणत, तें रशियावर हल्ला झाल्यानंतर त्यांच्या लेखीं लोकयुद्ध ठरलें. आणि ऑगस्ट १९४२ मध्यें गोवालिया टँकवरून 'छोडो भारत'ची हांक उठल्यावर एकाच घरांतील दोघे भाऊ दोन बाजूंस उभे राहूं शकत होते. अण्णा भाऊ साठे यांनीं स्टालिनग्राडवर पोवाडा रचला. मराठी मनापुढें त्या वेळीं रशियाचें जें चित्र उभें राहिलें, त्यांत बंदूक घेतलेला लाल सैनिक होता; त्याला आणणारी मालमोटार सहसा कोणाच्या नजरेंत भरली नाहीं.

या युद्धांत सोव्हिएट संघाचीं सुमारें २ कोटि ७० लक्ष माणसें बळी पडलीं. ब्रिटन व अमेरिका यांची हानि प्रत्येकीं पांच लाखांच्या आंतबाहेर होती. हें अंतर कोणत्याहि मालानें भरून येणारें नव्हे, आणि मॉस्कोच्या अबोलपणाचें अर्धें कारण हेंच असावें. उरलेलें अर्धें कारण राजकारणाचें होतें. तेहरान येथें ३० नोव्हेंबर १९४३ च्या मेजवानींत खुद्द स्टालिन यांनीं, अमेरिकन यंत्रांवांचून हें युद्ध आपण हरलों असतों, अशा आशयाचे उद्गार काढले होते. मार्शल झुकोव्ह यांनींहि १९६३ सालीं खासगी संभाषणांत, दारूगोळा, पोलाद व मोटारी बाहेरून आल्या नसत्या तर राखीव सैन्य उभारतां आलें नसतें, असें कबूल केलें. तें सरकारी हेरांनीं टिपून ठेविलें आणि सोव्हिएट संघ विसर्जित झाल्यावरच लोकांच्या वाचनांत आलें. अमेरिकन इतिहासकार डेव्हिड ग्लान्ट्झ यांचा अंदाज असा कीं, कुमक नसती तरी बहुधा रशियाच जिंकता, पण त्याला बारा ते अठरा महिने अधिक लागते. त्या महिन्यांत आणखी किती माणसें मेलीं असतीं, हा हिशेब शेंकडेवारीवाल्यांपैकीं दोन्ही पक्ष टाळतात.

पैशांचा हिशेब मात्र फार काळ चालला. १९७२ सालीं उभयतांत करार होऊन रशियानें ७२ कोटि २० लक्ष डॉलर द्यावयाचें ठरलें. रणांगणावर खर्ची पडलेल्या रणगाड्यांचे आणि विमानांचे पैसे अमेरिकेनें मागितलेच नव्हते. इतकीं वर्षें घासाघीस चालली होती ती युद्ध संपलें त्या दिवशीं शिल्लक उरलेल्या मुलकी मालाबद्दल.