विमानाचा तोल



एवढे जड विमान उडते कसे, हे सगळेच विचारतात. त्याचा तोल कोठे आहे, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. घरच्या संगणकावर सिम्युलेटरमध्ये विमान चालविणारी आपली मुले तर 'भार आणि तोल' या पानाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. इंजिन सुरू केले की निघाली! आज मला त्या पानाविषयीच बोलायचे आहे.

पुण्यात टांगे होते तेव्हा मागच्या बाकावर दोन धिप्पाड गृहस्थ बसले की टांगा उलाळ होई आणि टांगेवाला म्हणे, "साहेब, जरा पुढं सरका." त्याने पदार्थविज्ञान वाचलेले नव्हते, पण भार किती यापेक्षा तो आसापासून किती दूर आहे हे महत्त्वाचे, एवढे तो जाणत होता. विमानाचा हिशेब याहून वेगळा नाही. वजनाला अंतराने गुणायचे, सारे गुणाकार मिळवायचे आणि एकूण वजनाने भागायचे. आले ते तोलाचे ठिकाण.

सिम्युलेटरमध्ये बहुतेकांचे पहिले विमान सेसना १७२. त्यातल्या 'एस' या प्रकाराचे उड्डाणाचे कमाल वजन १,१५७ किलो. रिकामे विमान साधारण ७५० किलो, भरलेल्या टाक्यांतले पेट्रोल सुमारे १४४. उरले २६० किलोंच्या आसपास. जागा चार, पण पंचाहत्तर किलोंची चार माणसे म्हणजे तीनशे! खुर्ची आहे म्हणून माणूस बसवावाच असे नाही.

आता तोल पाहा. अंतरे इंजिनामागच्या पडद्यापासून मोजतात: पुढची आसने ३७ इंचांवर, मागची ७३, सामान ९५. पूर्ण भारलेल्या विमानाचा तोल ४१ ते ४७.३ इंचांत असला पाहिजे, म्हणजे जेमतेम वीतभर जागा. पन्नास किलोंचे बोचके पुढच्या आसनावरून उचलून सामानाच्या जागी ठेवले, तर तोल अडीच इंच मागे सरकतो! तोल फार पुढे गेला तर नाक उचलत नाही, धावपट्टी अपुरी पडते. हे वैमानिकाला निदान जमिनीवर कळते. मागे गेला तर विमान उलट हलके, चपळ वाटते. फसगत ती येथेच. वेग मंदावून पंखांचा आधार सुटला, की वर गेलेले नाक खाली आणता येत नाही.

हडपसरहून उडणारे ग्लायडर पुणेकरांनी वर्षानुवर्षे पाहिले आहेत. ग्लायडरला इंजिन नाही. पुढे बसलेला माणूस हाच त्याच्या नाकाचा भार. म्हणून आसनासाठी कमाल वजनाप्रमाणे किमान वजनही ठरलेले असते. सडपातळ विद्यार्थी एकटा निघाला तर पुढे शिशाची वजने बसवितात. आपल्या वाण्याच्या तराजूतला पासंगच तो!

कागदावरचे आकडे खरे नसतील तर? ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेत शार्लट येथे एक बीचक्राफ्ट १९०० विमान उडताच कोसळले. एकवीस माणसे गेली. शेपटीच्या दोरांची जुळणी चुकलेली होती, त्यामुळे नाक खाली आणण्याची ताकद अपुरी पडली. हे एक कारण. दुसरे असे, की प्रवाशांची सरासरी वजने धरून केलेल्या हिशेबात विमान मर्यादेत होते. प्रत्यक्षात ते जड होते आणि तोल मर्यादेच्या मागे गेला होता. माणसे नियमातल्या सरासरीहून जड झाली होती. पुढे तिथल्या सरकारने ती सरासरी वाढविली.

सिम्युलेटरही तुम्ही लिहाल तेच खरे मानतो. तेव्हा मुलांनो, काट्यावर उभे राहून खरे वजन लिहा. मग वैमानिक एकटा पुढे, नव्वद-नव्वद किलोंचे दोन मित्र मागे आणि त्यांच्याही मागे पन्नास किलो सामान, असा भार घाला. टाक्या अर्ध्याच भरल्या तर एकूण वजन मर्यादेत बसेल. तोल मात्र मागच्या टोकाजवळ जाईल. उतरतानाचे पेट्रोल धरून हिशेब पुन्हा करा. मग सामान वाढवीत जा आणि तीन हजार फुटांवर वेग कमी करून पाहा.