मैदान नवं झालं, पण आत कोण गेलं?

फुटबॉल म्हटलं की आपल्याला कोल्हापूरच्या तालमींचे संघ आठवतात. आज आपण जरा लांब जाऊ, ब्राझीलमधल्या रिओ द जानेरो शहरात. तिथलं माराकाना स्टेडियम जगभर प्रसिद्ध आहे. सरकारी पैशातून त्याचं काम १९४८ साली सुरू झालं आणि १९५० च्या विश्वचषकासाठी ते उघडलं. ब्राझील आणि उरुग्वेच्या निर्णायक सामन्याला १,७३,८५० जण तिकीट काढून आले होते. ब्राझील २-१ असं हरलं. ती हळहळ तिथं अजून सांगितली जाते.

पण त्या वेळी बायकांनी फुटबॉल खेळायला तिथं कायद्यानंच बंदी होती! स्त्रीच्या प्रकृतीला न मानवणारे खेळ तिनं खेळू नयेत, असा हुकूम १९४१ साली निघाला होता. बंदी उठली १९७९ साली. म्हणजे मैदान उभं राहून २९ वर्षं झाली, तरी बाई प्रेक्षक म्हणून आत जाई, खेळाडू म्हणून नाही.

माराकानात मैदानाला लागून उभ्याची एक जागा होती. तिला ‘जेराल’ म्हणत. डोक्यावर छप्पर नाही, बसायला बाक नाही, पण तिकीट सगळ्यात स्वस्त. मजूर, फेरीवाले, गरीब वस्तीतली माणसं तिथं उभं राहून सामना बघत.

पुढे बांधकाम जुनं झालं. १९९२ साली वरच्या सज्जाचा कठडा तुटला आणि तीन माणसं गेली. तेव्हा दुरुस्ती हवीच होती, त्यात वाद नाही. पण २००५ साली दुरुस्तीसाठी जेराल बंद झाली, ती कायमची. पुढे २०१४ च्या विश्वचषकासाठी २०१० ते २०१३ असं मोठं काम झालं. शंभर कोटी रियालहून जास्त खर्च आला. रियाल म्हणजे तिथलं चलन. छप्पर नवं, खुर्च्या नव्या, जागा साधारण ७८ हजार. मैदान देखणं झालं, तिकीटही महागलं. जेरालमधल्या माणसाला पहिल्यासारखं येणं परवडेना.

शेजारीच एक सरकारी शाळा होती, फ्रीडनराइश नावाची. स्टेडियमच्या योजनेत तीही पाडायची ठरली होती. पालक, शिक्षक आणि मुलं गप्प बसली नाहीत. त्यांनी मोर्चे काढले, निवेदनं दिली. शेवटी २०१३ साली सरकारनं माघार घेतली. शाळा वाचली.

आणि बायकांचं काय? २००७ साली याच माराकानात पॅन अमेरिकन स्पर्धेचा महिलांचा अंतिम सामना झाला. ब्राझीलच्या मुलींनी अमेरिकेला ५-० असं हरवलं. बघायला साठ हजारांवर लोक! त्या संघातल्या मार्ताच्या पावलांचे ठसे २०१८ साली तिथं घेतले गेले. नामवंत खेळाडूंच्या ठशांच्या त्या रांगेत बाईचे ठसे पहिल्यांदाच आले. २०२७ चा महिला विश्वचषकही ब्राझीलमध्येच आहे.

मैत्रिणींनो, आपल्या गावातही समाजमंदिर दुरुस्त होतं, मैदान सपाट होतं, बाजारकट्टा नवा होतो. काम चांगलंच असतं. पण पैसा सगळ्यांचा असेल, तर काम झाल्यावर जागाही सगळ्यांना मिळाली पाहिजे. म्हणून ग्रामसभेआधीची महिला सभा नुसत्या सह्यांपुरती ठेवू नका. तिथं विचारा: आराखड्यात बायकांचं स्वच्छतागृह आहे का? मुलींना खेळायला वेळ राखून ठेवणार का? हॉलचं भाडं आपल्या गटाला परवडेल का? कट्ट्यावर भाजी विकणाऱ्या बायका काम चालू असताना कुठं बसतील, आणि नंतर त्यांना तीच जागा मिळेल का?

हे प्रश्न काम सुरू व्हायच्या आधी विचारायचे, आणि इतिवृत्तात लिहून घ्यायचे. भिंत उभी राहिल्यावर दार पाडून घेणं फार अवघड जातं.

पुढच्या बैठकीत यावर बोला.