किती पट आणि किती दूर



 अध्यक्षीय भाषणात छायाचित्रण व्यवसायाच्या सगळ्या प्रश्नांना हात घालण्याची आपल्याकडे प्रथा आहे. दर, कर, स्पर्धा यांवर आज आणि उद्याच्या सत्रांत जाणकार मंडळी बोलणारच आहेत. मी एकच विषय घेणार आहे आणि तो शेवटपर्यंत नेणार आहे. तो विषय म्हणजे मोठी प्रिंट.

घराच्या हॉलमध्ये, दवाखान्यात, हॉटेलात, ऑफिसच्या भिंतीवर चार-चार, पाच-पाच फुटी फोटो लावायची हौस पुन्हा वाढली आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. पण काउंटरवर पहिला प्रश्न येतो तो ‘कॅमेरा किती मेगापिक्सेलचा?’ हाच, आणि आपणही त्याच आकड्यावर बोलू लागतो. माझं म्हणणं असं, की त्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत. मूळ चित्र किती पट वाढवायचं आहे? आणि ते किती दुरून पाहिलं जाणार आहे? ही दोन उत्तरं हाताशी असतील तरच मेगापिक्सेलच्या आकड्याला काही अर्थ येतो.

सुरुवात डोळ्यापासून करू. निरोगी डोळा साधारण एका कलेच्या कोनातला फरक ओळखतो. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. पुस्तक वाचायच्या अंतरावर, म्हणजे २५ सेंटिमीटरवर, हा फरक सुमारे ०.०७ मिलिमीटर होतो. प्रत्येक मिलिमीटरमध्ये काळ्या-पांढऱ्या रेषांच्या सहा-सात जोड्या असल्या, तर त्याच्यापुढे साध्या डोळ्याला काही वेगळं दिसत नाही. इंचाला ३०० ठिपके हा आपल्या लॅबमधला नियम यातूनच आलेला आहे. तो हातात धरून पाहायच्या फोटोचा नियम आहे. तोच माणूस एक मीटर मागे सरकला की इंचाला ९० ठिपके पुरतात, तीन मीटरवर तीसही पुरतात.

आता वाढीचा हिशेब मांडू. पस्तीस एमएमची फ्रेम २४ बाय ३६ मिलिमीटरची. तिची २४ इंच रुंद प्रिंट काढायची तर सुमारे १७ पट वाढ करावी लागते. एकशेवीसच्या रोलवरची सहा बाय सहाची फ्रेम प्रत्यक्षात ५६ मिलिमीटरची असते. तिच्यासाठी हीच वाढ ११ पट होते, आणि चार बाय पाच इंची शीट फिल्मला पाच पटच पुरते. तिन्ही निगेटिव्हवर मिलिमीटरमागे रेषांच्या ५० जोड्या उतरल्या आहेत असं धरू. चांगली लेन्स, ट्रायपॉड आणि काळजीचं काम असेल तर ही अपेक्षा रास्त आहे. प्रिंटवर पोचताना पस्तीस एमएमच्या वाट्याला मिलिमीटरमागे तीन जोड्या उरतात, सहा बाय सहाच्या वाट्याला साडेचार, आणि शीट फिल्मच्या वाट्याला दहा. डोळ्याची गरज सहा-सातची आहे. कणकेचा गोळा तेवढाच ठेवून पोळी मोठी लाटली तर ती पातळच होणार. निगेटिव्हचंही तेच आहे, आणि तपशिलासोबत फिल्मचे दाणेही तितकेच पट मोठे होतात.

आकडे कोरडे वाटत असतील तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा शाळेचा ग्रुप फोटो घ्या. एका रांगेत वीस मुलं, खांद्याला खांदा लावून. पस्तीस एमएमच्या ३६ मिलिमीटर रुंदीत प्रत्येक मुलाला १.८ मिलिमीटर जागा मिळते. त्यात चेहरा खांद्यांच्या एकतृतीयांश, म्हणजे जेमतेम ०.६ मिलिमीटर. डोळे, भुवया, नाक, ओठ, कपाळावरची टिकली, सगळं त्या ०.६ मिलिमीटरमध्ये बसवायचं, रेषांच्या तीस जोड्यांत. आता तोच फोटो आपल्या जुन्या मंडळींसारखा साडेसहा इंच लांबीच्या हाफ प्लेटवर काढा. चेहऱ्याला पावणेतीन मिलिमीटर जागा मिळते. लेन्स त्या काळची साधी असली, मिलिमीटरमागे चाळीसच जोड्या देत असली, तरी चेहऱ्यावर शंभराहून अधिक जोड्या उतरतात. पस्तीस एमएम हाताशी आल्यावरही लाकडी फील्ड कॅमेरा, काळं कापड आणि भक्कम तिवई घेऊन शाळेच्या पटांगणात जाणारे स्टुडिओवाले जुन्याला चिकटून बसलेले नव्हते. रांगेतल्या शेवटच्या मुलाच्या आईलाही आपलं लेकरू ओळखता आलं पाहिजे, हा त्यांचा हिशेब होता आणि तो बरोबर होता.

या हिशेबाची मुळं खोल आहेत. १८६१ साली कार्लटन वॉटकिन्स अमेरिकेतल्या योसेमिटी खोऱ्यात १८ बाय २२ इंचाच्या काचेच्या प्लेट घेऊन गेला, कारण तेव्हा प्रिंट निगेटिव्हएवढीच निघायची. आपल्याकडे राजा दीनदयाळ यांनी हेच केलं. त्यांनी १८९६ साली मुंबईत स्टुडिओ काढला. त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह अल्ब्युमेन कागदावर ठेवून उन्हात छापल्या जात. वाढ एक पट, म्हणजे वाढच नाही. राजवाड्याच्या कमानीवरचं कोरीवकाम त्या प्रिंटमध्ये आजही भिंगाखाली वाचता येतं, त्यामागे हे कारण आहे.

१९२५ साली लायका बाजारात आला आणि कॅमेरा खिशात मावू लागला. ऑस्कर बार्नाकने सिनेमाच्या फिल्मची फ्रेम दुप्पट करून २४ बाय ३६चं माप ठरवलं होतं. त्या लहान फ्रेमने तपशील घेतला आणि क्षण दिला. आंरी कार्तिए-ब्रेसाँने गांधीजींच्या अंत्ययात्रेचे फोटो लायकावर काढले. तिथे शीट फिल्मचा कॅमेरा उभा करत बसला असता तर ते फोटो हाती लागलेच नसते. याउलट अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने १९४१ साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरचा चंद्रोदय आठ बाय दहा इंची निगेटिव्हवर टिपला, म्हणून त्याच्या मोठ्या प्रिंटमध्येही स्मशानातले क्रूस एकेक करून मोजता येतात. दोघेही थोर, दोघांनीही कामाप्रमाणे माप निवडलं. तरुण मित्रांना माझं सांगणं आहे, की मापाची निवड ही फोटो काढण्याच्या आधीची पहिली निवड असते.

डिजिटलमध्ये हिशेब तोच राहतो, फक्त तोंडवळा बदलतो. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० बाय ४००० पिक्सेल. इंचाला ३०० धरले तर २० बाय १३ इंचांची प्रिंट. तिची लांबी-रुंदी दुप्पट करायची तर पिक्सेल दुप्पट करून भागत नाही, चौपट लागतात. म्हणून २४चा कॅमेरा देऊन ३२चा घेतलात तर प्रिंट जेमतेम तीन इंचांनी लांबते. त्यातही बहुतेक सेन्सरवर १९७६ साली ब्राइस बायर यांनी पेटंट घेतलेली रंगांची जाळी असते. प्रत्येक पिक्सेल एकच रंग पाहतो, बाकीचे दोन शेजाऱ्यांकडून अंदाजाने भरले जातात. म्हणजे मोजलेला प्रत्येक पिक्सेल हा पुरता तपशील नसतो.

मोबाइलचं उदाहरण यासाठी नीट पाहण्यासारखं आहे. २०० मेगापिक्सेलच्या फोनमध्ये पिक्सेलची रुंदी सुमारे ०.६ मायक्रॉन असते. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी आहे ०.५५ मायक्रॉन. प्रकाशाच्या लाटेएवढा पिक्सेल झाला! लेन्स कितीही निर्दोष असली तरी प्रकाश ॲपर्चरच्या कडेला वळतो आणि बिंदूचा ठिपका होतो. एफ १.७ला तो ठिपका सव्वादोन मायक्रॉनचा असतो, म्हणजे जवळजवळ चार पिक्सेलवर पसरलेला. म्हणूनच असे फोन एरवी १६-१६ पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतात. भर उन्हातला तो फोटो टेबलावरच्या फ्रेमला छान दिसतो. पण ग्राहक २०० आकडा दाखवून साडेचार फुटी प्रिंट मागत असेल आणि ती जवळून पाहायची असेल, तर प्रिंट काढण्याआधीच त्याला हे समजावून सांगणं आपलं काम आहे.

प्रकाशाचं हे वळणं मोठ्या कॅमेऱ्यालाही सोडत नाही. एफ २२ला ठिपका तीस मायक्रॉनचा होतो. चार बाय पाचच्या फिल्मला तो चालून जातो, कारण पुढे वाढ कमी असते. पस्तीस एमएमच्या मापावर तोच ठिपका १७ पट वाढून प्रिंटवर अर्धा मिलिमीटर होतो. सगळंच फोकसमध्ये हवं म्हणून लहान मापावर एफ २२ लावणाऱ्याची कुठलीच रेघ धारदार येत नाही. लहान मापाला एफ ८च्या आसपास राहा.

आता अंतराकडे वळू, कारण इथे गणित आपल्या बाजूने झुकतं. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात कोडॅकने १९५० ते १९९० या काळात ‘कोलोरामा’ नावाचे फोटो लावले. १८ फूट उंच, ६० फूट लांब, मागून प्रकाश दिलेली पारदर्शिका. सुरुवातीला त्यासाठी भल्यामोठ्या शीट फिल्म वापरत, पुढे पस्तीस एमएमवरूनही काम झालं. ३६ मिलिमीटरचे ६० फूट करायचे म्हणजे वाढ ५०८ पट. निगेटिव्हवरची ०.०१ मिलिमीटरची बारीक रेघ तिथे पाच मिलिमीटरची झाली. तरी प्रवाशांना फोटो स्वच्छ दिसला, कारण १७-१८ मीटरच्या पलीकडून पाच मिलिमीटर डोळ्याला वेगळे दिसत नाहीत आणि ते सभागृहच तेवढं प्रशस्त आहे. चौकातलं होर्डिंग याच न्यायाने चालतं. पण सोफ्याच्या मागच्या भिंतीवर लावलेल्या चार फुटी फोटोपाशी पाहुणा फूटभर अंतरावर जाऊन बोट लावून विचारतो, ‘हा कोण?’ तिथे होर्डिंगचा न्याय लावून भागणार नाही. दोन्ही मोठ्या प्रिंटच, पण कामं वेगळी.

माप योग्य निवडलं तरी ते वाया घालवायला बऱ्याच जागा आहेत. वेग कमी ठेवून हातात धरलेला कॅमेरा घ्या. हाताच्या बारीक कंपाने मध्यम मापाचा कॅमेरा पस्तीस एमएमच्या पातळीवर येतो. डार्करूममध्ये एन्लार्जरच्या दिव्याने निगेटिव्ह तापून मध्ये फुगते आणि कोपरे मऊ पडतात. काचेचा कॅरियर आणि दाण्यांवर फोकस करायचं भिंग यासाठीच असतात. स्कॅनचंही तेच. पस्तीस एमएमची फ्रेम इंचाला ४००० बिंदूंनी स्कॅन केली तर सुमारे २१ मेगापिक्सेल मिळतात, चार बाय पाचची फिल्म निम्म्या घनतेने, म्हणजे २००० बिंदूंनी केली तरी ८० मिळतात. ही तफावत यंत्राने दिलेली नाही, फिल्मच्या आकाराने दिलेली आहे.

मित्रहो, आता जरा कळकळीने बोलतो. रेखीवपणा आणि तपशील या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कडेला कॉन्ट्रास्ट वाढवला की फोटो रेखीव भासतो. डार्करूमच्या काळातही डेव्हलपरच्या निवडीने आणि धूसर मास्क लावून हे करत होते, त्यात काही गैर नाही. पण आता एक बटण दाबलं की सॉफ्टवेअर नसलेला तपशील रचून भरतं. पानांची पानं, विटांच्या विटा, इथवर ठीक. मात्र त्या शाळेच्या फोटोतल्या ०.६ मिलिमीटरच्या चेहऱ्यावर ते जे डोळे आणि ओठ काढतं, ते त्या मुलाचे नसतात. आजोबांचा एकमेव फोटो घेऊन आलेल्या नातवाला आपण दुसऱ्याच कुणाचा स्वच्छ चेहरा देत असू, तर तो शार्पनेस नव्हे, ती फसवणूक आहे. जिथे तपशील नाही तिथे प्रिंट लहान ठेवा. आठ बाय दहा इंचाचा खरा चेहरा चार फुटी खोट्या चेहऱ्यापेक्षा मोलाचा आहे.

या संमेलनासमोर माझे तीन प्रस्ताव आहेत. पहिला, मोठ्या प्रिंटच्या प्रत्येक ऑर्डरवर ‘किती दुरून पाहणार’ हा रकाना असावा. दुसरा, मोठी प्रिंट काढण्याआधी तिच्यातला चेहऱ्याचा भाग अंतिम मापावर छापून ग्राहकाच्या हातात द्यावा. एका लहान कागदाच्या खर्चात पुढचे वाद मिटतात. तिसरा प्रस्ताव मला सर्वांत जवळचा आहे. आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या बंद पडलेल्या स्टुडिओंच्या माळ्यांवर हाफ प्लेटच्या काचा आणि एकशेवीसच्या निगेटिव्ह पडून आहेत. त्यांच्यावरून त्या वेळी हातभर प्रिंटही क्वचितच निघाली असेल. म्हणजे त्यांच्यात उतरलेला बराचसा तपशील आजवर कुणी पाहिलेलाच नाही. गावच्या जत्रा, शाळा, लग्नं, पेठा, माणसांचे कपडे आणि चेहरे तिथे आहेत. ओल आणि बुरशी त्यांना दरवर्षी खात आहे. भंगारात काच घालण्याआधी ती उजेडावर धरा, पुसू नका, कोरड्या कागदी लिफाफ्यात ठेवा, तारीख-गाव माहीत असेल तर लिफाफ्यावर लिहा आणि जमेल तेव्हा नीट स्कॅन करून घ्या.

उद्याच्या समारोपाच्या सत्रात या तीन गोष्टींचा ठराव मांडावा अशी संयोजकांना विनंती करतो. ठराव होईल तेव्हा होईल, पहिला रकाना, पहिला नमुना आणि पहिला लिफाफा मात्र आपापल्या दुकानात परतल्यावर त्याच आठवड्यात सुरू करता येईल, आणि आपण ते कराल याची मला खात्री आहे.