'वाया गेलेला' मुलगा

मैत्रिणींनो, लालबागच्या चाळीतली एक बाई बैठकीत रडली. 13 वर्षांचा, सातवीतला मुलगा मारामाऱ्या करतो, पैसे चोरतो, शाळा बुडवतो. सासू म्हणते, आईनंच बिघडवला. (बाप कुठं होता, हे कुणी विचारत नाही!) शाळा म्हणते, दाखला घेऊन जा.

मी तिच्यासोबत परळला के.ई.एम.मध्ये गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन खोड्यांवरून 'वर्तनविकार' ठरत नाही. मारहाण, प्राण्यांचा छळ, नासधूस, चोरी, घरातून पळणं अशा 15 लक्षणांपैकी किमान 3 वर्षभरात दिसावी लागतात, त्यातलं एक तरी गेल्या 6 महिन्यांत. रक्त तपासून हे कळत नाही. अतिचंचलता, नैराश्य, वाचता न येणं हेही पाहावं लागतं. आणि घरात मारहाण होते का?

ती गप्प झाली. नवरा मारतो, हे तिनं आपल्यालाही सांगितलं नव्हतं.

मुलींचं तर निदानच राहून जातं. पळाली की 'चालू' ठरते.

सोमवारी पुन्हा जायचंय. शाळेतही जायचंय, कारण 2009च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार आठवी होईपर्यंत मुलाला काढून टाकता येत नाही. कोण येतंय बरोबर?