बाळंतिणीच्या मनातले नकोसे विचार

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



 अशा प्रसंगी बालसंगोपनावर चार शब्द सांगण्याचा प्रघात आहे. माझाही विषय संगोपनाचाच आहे; मात्र पाळण्याभोवती जमल्यावर आपण ज्याबद्दल बोलत नाही, तो भाग मी आज मुद्दाम घेतला आहे.

मी बरीच वर्षे प्रसूतिगृहात परिचारिका होते. दिवसा माणसांचा राबता असतो, तेव्हा बाळंतीण हसतमुख असते. रात्री खाटेशी बसले की हलक्या आवाजात निराळेच काही ऐकू येई. “सिस्टर, न्हाऊ घालताना बाळ माझ्याच हातून पाण्यात जाईल का हो?” “खिडकीशी उभी राहिले की त्याला खाली टाकीन, असे मनात येते. मी राक्षसीण आहे का?” एक मुलगी तपासणीला आली तेव्हा कळले, की तिने घरातली विळी आणि सुऱ्या माळ्यावर टाकल्या होत्या आणि बाळाला एकटीने जवळ घेणे सोडले होते. सुनेला लेकराची माया नाही, असे सासूबाई म्हणत. खरी गोष्ट अगदी उलट होती. माया होती म्हणूनच ती इतकी भ्याली होती.

हे विचार वाटतात तितके दुर्मीळ नाहीत. 2008 साली कॅनडातील संशोधकांनी नव्या मातांना याविषयी विचारले. बाळाला काही अपघात होईल, असे विचार जवळजवळ प्रत्येकीला आलेले होते. आणि आपणच बाळाला इजा करू, असा नकोसा विचार सुमारे निम्म्या जणींच्या मनात येऊन गेला होता. तिथल्याच 2022 सालच्या अभ्यासात, अशा नकोशा विचारांचा आणि बाळाला प्रत्यक्ष मारहाण होण्याचा काही संबंध आढळला नाही. विचार मनात येणे निराळे आणि तशी इच्छा असणे निराळे. आजच्या बोलण्यातले एवढे एक वाक्य लक्षात राहिले, तरी माझे काम झाले.

मग असे अभद्र विचार येतात तरी का? बाळ जन्मले की आईचे मन पहारेकरी होते. कुठून काय धोका येईल, हे ते सारखे हुडकत असते. त्यात झोप मोडलेली आणि अंग थकलेले. अशा वेळी एखादे भयंकर चित्र डोळ्यांपुढून सरकते. बहुतेकींच्या मनातून ते आल्यासारखे निघून जाते. पण एखादी त्यालाच धरून बसते. “माझ्या मनात हे आलेच कसे?” असे म्हणून ती त्या विचाराला हाकलू पाहते, आणि तिथेच घोटाळा होतो.

औषध घेताना माकड आठवायचे नाही, असे पथ्य सांगणाऱ्या वैद्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. 1987 साली डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हीच गोष्ट प्रयोगाने पाहिली. पांढऱ्या अस्वलाचा विचार पाच मिनिटे करू नका, आणि आलाच तर घंटा वाजवा, असे त्याने विद्यार्थ्यांना सांगितले. घंटा पुन्हा पुन्हा वाजत राहिली. विचार जितका दडपावा, तितका तो वर येतो.

हे चक्र वाढले, की बाई दिवसाचे तासन्‌तास त्यातच अडकते. बाळाचा श्वास रात्रीतून वीस वेळा तपासते, पुन्हा पुन्हा हात धुते, “मी काही केले नाही ना?” असे घरच्यांना विचारत राहते. यासाठी आपल्या भाषेत ‘मंत्रचळ’ असा जुना शब्द आहे. डॉक्टर त्याला ओसीडी म्हणतात. बाहेरची बाधा किंवा मागल्या जन्मीचे पाप यांचा त्याच्याशी संबंध नाही. हा आजार आहे आणि त्यावर उपाय आहेत.

उपचार दोन प्रकारचे आहेत. पहिला बोलण्याचा आणि सरावाचा. ज्याची भीती वाटते त्याला तज्ज्ञांच्या मदतीने थोडे थोडे सामोरे जायचे, आणि तपासणे, धुणे, विचारणे हे मात्र करायचे नाही. त्या मुलीने आधी विळी माळ्यावरून खाली काढली, मग बाळ शेजारी निजलेले असताना भाजी चिरली. भीती चढली, आणि काही वेळाने आपोआप उतरली. मनाला हे अनुभवानेच पटते. दुसरा उपाय औषधांचा. त्यांचा गुण दिसायला काही आठवडे जातात, म्हणून मध्येच सोडू नयेत. अंगावर पाजत असतानाही देता येतील अशी औषधे आहेत. कोणते आणि किती, हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

आता घरच्या वडीलधाऱ्या बायकांना माझी एक विनंती आहे. सुनेने किंवा लेकीने असे काही सांगितले, तर “शुभ बोल गं!” म्हणून तिला गप्प करू नका. अंगारेधुपारे करण्यात दिवस घालवू नका. बाळ तिच्यापासून काढूनही घेऊ नका. त्याने तिची भीती खरी ठरते. “विचार आला म्हणून तू वाईट होत नाहीस, आपण डॉक्टरांकडे जाऊ,” एवढे म्हणा, आणि रात्रीचे एक-दोन प्रहर बाळ सांभाळून तिला सलग झोप द्या.

मात्र एक भेद सर्वांनी ओळखला पाहिजे. नकोशा विचारांनी घाबरलेली बाई तो विचार चुकीचा आहे हे जाणते. याउलट, हजारात एक-दोन बाळंतिणींना एक तीव्र मनोविकार होतो. तिला झोप लागत नाही आणि तिची गरजही वाटत नाही. ती भलतेच बोलते, कोणी आज्ञा देत असल्याचे ऐकते, बाळ आपले नाही किंवा त्याच्यात काही संचारले आहे असे मानते. तेव्हा तिला आणि बाळाला क्षणभरही एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. स्वतःचे बरेवाईट करावे, असे एखादी म्हणाली, तरीही तसेच करावे.

मदत फार लांब नाही. प्रसूती केलेल्या डॉक्टरांना आधी सांगा. जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचाराची सोय असते. 2022 साली सरकारने सुरू केलेल्या टेली-मानस या सेवेचा क्रमांक 14416 आहे. तिथे दिवसरात्र, फुकट आणि मराठीतही बोलता येते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्कही दिलेला आहे, तेव्हा लोक काय म्हणतील या धास्तीने थांबू नये.

आपले मंडळ बारशाला पाळणा म्हणायला जाते. तिथे गेलेल्या प्रत्येकीने निघण्यापूर्वी बाळंतिणीजवळ घटकाभर एकटीने बसावे, आणि बाळाची चौकशी झाल्यावर “तुझे मन कसे आहे?” असेही विचारावे. उत्तर ऐकून दचकू मात्र नये. आपण शांतपणे ऐकून घेतले, तर पुढचे सांगण्याचा धीर तिला येईल.