पाळी गेल्यावर अंगावरून जातं तेव्हा

(शिरगाव, बदलापूर येथे महिला मंडळाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाळी जाऊन दोन-चार वर्षं झाली आणि पुन्हा अंगावरून लाल गेलं, तर आपल्यातली बाई काय करते? कुणाला सांगत नाही. 'उष्णता झाली असेल' म्हणून सब्जाचं पाणी पिते आणि गुपचूप देवघरापासून लांब राहते. सुना-नातवंडांच्या घरात पुन्हा विटाळ, याची लाज वाटते. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर बहुतेक करून याच वयात होतो आणि त्याची पहिली खूण बहुधा हीच असते. अशा दहा बायकांपैकी सुमारे नऊ जणींना कॅन्सर नसतो, हेही लगेच सांगते. पण दहावी कोण, ते तपासल्याशिवाय कळत नाही.

हा आजार पिशवीत पुढे कसा सरकतो, ते आज जरा खोलात जाऊन सांगणार आहे. शास्त्र डॉक्टरांचं आणि भीती आपली, ही वाटणी मला मान्य नाही.

पाळीत गळून पडतं ते पिशवीचं आतलं अस्तर. त्यातल्या पेशी एकमेकींचा हात धरून असतात. हा हात म्हणजे ई-कॅढेरिन नावाचं प्रथिन. पेशींच्या खाली पातळ पडदा असतो आणि अस्तराला लागूनच पिशवीचा जाड स्नायू. कॅन्सरमध्ये आधी पेशीच्या वाढीचा ब्रेक निकामी होतो. पी-टेन नावाचं जनुक हा असा एक ब्रेक, आणि या कॅन्सरच्या नेहमीच्या प्रकारात बहुतेकदा तोच बिघडलेला सापडतो. अंगातली चरबी इस्ट्रोजेन तयार करते आणि ते अस्तराला वाढायला लावतं, म्हणून लठ्ठपणात धोका जास्त.

पण नुसतं वाढणं म्हणजे घुसणं नव्हे. घुसायचं तर धरलेला हात सुटावा लागतो. ई-कॅढेरिन कमी होतं, पेशी लांबट होते, हलू लागते. मग ती एमएमपी नावाची विकरं सोडते. ती पडदा आणि पलीकडचं कोलॅजनचं जाळं विरघळवतात, आणि पेशीला स्नायूत वाट मिळते. ही विकरं काही परकी नव्हेत. दर महिन्याला अस्तर सुटतं ते त्यांच्याच मदतीने, गरोदरपणी वार पिशवीत रुजते तीही त्यांच्याच जोरावर. वारेला शरीर ठरल्या जागी थांबवतं, कॅन्सरची पेशी ते ऐकत नाही. स्नायूची अर्धी जाडी ओलांडली की रसवाहिन्यांतून बाहेर पसरण्याचा धोका वाढतो. रिपोर्टात 'अर्ध्यापेक्षा कमी' की 'जास्त' हे लिहितात ते यासाठी.

२०१३ साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात या कॅन्सरचे जनुकांवरून चार गट पाडले गेले. २०२३ पासून आंतरराष्ट्रीय संघटनेच्या टप्प्यांतही ते धरले जातात. पी-५३ बिघडलेला गट जास्त घातक. तो स्नायूत थोडा जरी घुसला तरी टप्पा वरचा धरतात. दुसऱ्या एका गटातला दोष काही घराण्यांत आईकडून किंवा वडिलांकडून येतो. आतड्याचा आणि पिशवीचा कॅन्सर माहेरी कुणाकुणाला झाला, हे म्हणून आठवून सांगायचं.

पेशी शरीराबाहेर वाढवून तिचं वागणं बघायचं तंत्र मुंबईत रुजवलं ते पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी. देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा त्यांची. आपल्या मुलींना हे नाव शाळेत कळत नाही, याचा मला राग आहे.

आता याची दुसरी बाजू. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांची पाहणी २०१९ मध्ये सरकारी समितीने केली. ८२ हजारांवर बायकांत १३ हजारांहून अधिक जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या, कितीतरी ऐन तरुण वयात. 'ठेवलीत तर कॅन्सर होईल' ही धमकी अनेकींना मिळाली होती. म्हणजे जिला तपासायला हवं ती घरात लपून बसते, आणि जिला साध्या औषधाने बरं वाटलं असतं तिची पिशवी जाते. दोन्हीकडे तपासणी मात्र होत नाही.

तपासणी अवघड नाही. सोनोग्राफीत अस्तराची जाडी दिसते. जाड असलं, किंवा रक्त थांबत नसलं, तर अस्तराचा तुकडा काढून तपासतात. पॅप तपासणी गर्भाशयाच्या मुखासाठी असते. ती चांगली आली म्हणून अस्तर ठीक आहे, असं समजू नका. सरकारी शिबिरातली कॅन्सर तपासणीही तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचीच असते.

'पिशवी काढा' असं कुणी म्हटलं तर आधी विचारा, तुकडा तपासला का? काढलीच तर ती तपासायला पाठवली का? रिपोर्ट मागून घ्या. मेणात ठेवलेले तुकडे, ज्याला ब्लॉक म्हणतात, तेही मागा. पुढे परळला टाटामध्ये जावं लागलं तर पी-५३ची तपासणी त्याच ब्लॉकवर होऊ शकते. पिशवीत घालून, नाव लिहून, उन्हापासून लांब ठेवा.